दिवाणखान्यातला जुना डबा: एकाच कॉम्प्युटरवर गाणी, सिनेमे आणि गेम

आमच्या टीव्हीखाली जो काळा डबा बसलाय, तो पूर्वी कुठल्यातरी ऑफिसात हिशेबाच्या नोंदी करत होता. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, पातळ कॅबिनेट. जुन्या मालाच्या दुकानातून आणला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, यावर काय डोंबल चालणार?" आता त्यावर आईच्या कॅसेटमधली भजनं वाजतात, रात्री सिनेमा लागतो, आणि शनिवार-रविवारी त्याच भाच्याला त्याच्यासमोरून ओढून जेवायला बसवावं लागतं.

मधल्या काळात माझे काही पैसे पाण्यात गेले. आवाजात घरघर येते म्हणून नवे स्पीकर घेतले. घरघर तशीच राहिली, कारण दोष स्पीकरचा नव्हताच. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी साफसफाई, मग वायरी, मग सेटिंग, आणि खिशात हात सगळ्यात शेवटी. हा लेख साधारण त्याच क्रमाने लिहिलाय; फक्त झाकण उघडलेलं असतानाच करायचे दोन खर्च तेवढे आधी येतात.

झाकण उघडा

कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, आणि वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. मग डबा गॅलरीत न्या आणि झाकण काढा. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी दिसेल. एक इंची कोरडा ब्रश आणि ब्लोअर एवढं पुरतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भरमसाट वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

मशीन सात-आठ वर्षं जुनं असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्यावर लावलेला लेप) वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन वाटाण्यापेक्षा थोडी कमीच लावा. साधा व्हिडिओ चालू असताना तापमान नव्वदीच्या पुढे जात असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण म्हणतो "जुना झालाय." बऱ्याचदा तो जुना झालेला नसतो, गुदमरलेला असतो. मागून बंद असलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात डबा कोंबला तरी हेच होतं. मागे चार बोटं जागा सोडा.

आता आतल्या दोन वस्तूंवर खर्च करायचा. विंडोज अजून हार्ड डिस्कवरून सुरू होत असेल तर अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कचंच काम करणारी, पण कितीतरी वेगवान) बसवा. जवळपास कुठल्याही जुन्या डेस्कटॉपला ती चालते. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, गाणी आणि सिनेमे ठेवायला तीच उत्तम.

दुसरी गोष्ट रॅम, आणि इथे एक बारकावा आहे जो दुकानदार सहसा सांगत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून काम चालवतं. ८ जीबीची एकच पट्टी आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या कागदावर सारख्या, पण दोन पट्ट्या असल्या की रॅमकडे जायचा रस्ता दुपदरी होतो, आणि गेममध्ये तो फरक डोळ्यांना दिसतो. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम), परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. दोनपैकी एकच स्लॉट वापरात असेल तर दुसरी पट्टी घ्या. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी पट्टी स्वस्तात मिळते. जाताना आपली पट्टी खिशात घेऊन जा, म्हणजे डीडीआर-३ की ४ (रॅमचे दोन प्रकार) यावर वाद नको.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. त्याआधीचं मशीन असेल तर विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स मिंट टाकायला हरकत नाही. व्हिडिओ आणि गाण्यांना काही अडत नाही. काही ओटीटी सेवा लिनक्सच्या ब्राउझरमध्ये कमी रिझोल्यूशन देतात, आणि चीटिंग रोखणारी कडक यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम तिथे चालतच नाहीत. घरात व्हॅलोरंट खेळणारं पोर असेल तर हे आधी बोलून घ्या.

टीव्हीला जोडताना

सगळ्यात जास्त होणारी चूक: ग्राफिक्स कार्ड बसवलं, आणि एचडीएमआय वायर मात्र मदरबोर्डच्या भोकात. कार्ड असेल तर वायर कार्डालाच लावायची. ऑफिसातून आलेल्या डब्यांना बरेचदा एचडीएमआय नसतंच, डिस्प्लेपोर्ट असतं. १०८० च्या टीव्हीला साधा स्वस्त कन्व्हर्टर पुरतो. फोर-के टीव्हीवर ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं चित्र) हवं असेल तर अॅक्टिव्ह प्रकारचा, आत स्वतःची चिप असलेला घ्यावा लागतो. फक्त व्हीजीए असेल तर लक्षात ठेवा, त्यातून आवाज जात नाही.

फोर-के टीव्हीवर माउस रेंगाळल्यासारखा वाटला तर रिफ्रेश रेट पाहा, ३० वर असेल. एचडीएमआय १.४ फोर-केला ३० हर्ट्झच्या वर जात नाही, त्याला २.० लागतं. अशा वेळी सरळ १०८० ला ६० हर्ट्झ ठेवा. सोफ्यावरून फरक कळत नाही, माउस मात्र सुधारतो.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. त्या इनपुटला 'पीसी' असं नाव देता येत असेल तर द्या. पुष्कळ टीव्ही एवढ्यानेच अक्षरं स्वच्छ दाखवू लागतात. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळं काजळासारखं एकत्र झालं असेल, तर कॉम्प्युटर एक आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) पाठवतोय आणि टीव्ही दुसरी समजतोय. दोन्हीकडे 'फुल' किंवा दोन्हीकडे 'लिमिटेड' करा. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो ती टीव्हीची मोशनवाली करामत, ती बंद करा. मी नातेवाइकांच्या घरी गेलो की गुपचूप हे एक काम करून येतो.

आवाज, आणि ती घरघर

जुनी म्युझिक सिस्टीम घरात असेल तर नवे स्पीकर घेऊ नका. कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकातून सिस्टीमच्या ऑक्सला, एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे प्लग असलेली वायर लावायची. लाल उजवा, पांढरा डावा. कॉम्प्युटरचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त सिस्टीमच्या बटणाने करा. उलट केलं की खरखर वाढते.

आता घरघर. पंखा फिरावा तशी खालच्या पट्टीत एकसुरी हूं येत असेल तर ते बहुतेक वेळा अर्थिंगचं दुखणं असतं: दोन उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली, आणि त्यांच्यामधून ऑडिओची वायर. शोधायचं असं. टीव्हीच्या मागची केबलची किंवा डिशची जाड गोल वायर काढून बघा. माझ्याकडे गुन्हेगार तीच निघाली. ती काढताच घर शांत. ती नसेल तर कॉम्प्युटर, टीव्ही आणि सिस्टीम तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही गेली नाही तर ऑडिओच्या वायरमध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. घरघर जाईल, पण एखाद दिवशी डब्याचा पत्रा झटका देईल.

ब्लूटूथ स्पीकर गाण्यांना ठीक. गेमला नाही, कारण बंदूक आधी सुटते आणि आवाज मागून येतो.

व्हिडिओ

व्हीएलसी टाका. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा प्लेअर आजही फुकट आणि बिनजाहिरातीचा आहे. चार बटणं पाठ करा: आवाज आणि ओठ जुळत नसतील तर जे आणि के, सबटायटल पुढेमागे असतील तर जी आणि एच. प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा कचरा दिसला तर प्रेफरन्सेसमधल्या सबटायटलच्या पानावर एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि फॉन्ट निर्मला किंवा मंगल करा.

मोठा व्हिडिओ अडखळतो तेव्हा दर वेळी इंटरनेटला शिव्या घालू नका. व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून बसवलेला असतो ती पद्धत ग्राफिक्सच्या चिपला कळली तर काम हलकं होतं, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर. एचईव्हीसी, व्हीपी-९, एव्ही-१ ही अशाच पद्धतींची नावं. इंटेलच्या सहाव्या पिढीला एचईव्हीसी कळतं पण फक्त ८ बिटचं, १० बिटचं एचईव्हीसी आणि व्हीपी-९ पूर्णपणे सातव्या पिढीपासून, एव्ही-१ अकराव्यापासून. यूट्यूब जुन्या मशीनलाही व्हीपी-९ किंवा एव्ही-१ पाठवतं आणि पंखा विमानासारखा ओरडू लागतो. त्यावर 'एच२६४-इफाय' (h264ify) नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबकडून जुना एच.२६४ प्रकारच मागवतं. रिझोल्यूशन १०८० पर्यंतच मिळेल, पण सलग चालेल.

सिनेमांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती कपाटातली लग्नाची सीडी. २००० च्या आसपासची लग्नं बहुतेक व्हीसीडीवर आहेत, आणि कोकणातल्या दमट हवेत त्या चकत्यांवर बुरशी धरते. चकती मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आता नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नसतो; जुन्या डब्याचा मान इथे वाढतो. विंडोजमध्ये चकती उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसेल, त्यातली डॅट फाइल सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करा. व्हीएलसीमध्ये ती जशीच्या तशी चालते. मुळातच ते चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, ते 'एचडी' करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. लग्नाची डीव्हीडी असेल तर तिच्या फाइल एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर ते सलग जोडून देतं, दर्जा न घटवता. हलताना माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसले तर व्हीएलसीत डी दाबा.

कॉपी झाली की दुसऱ्या एका डिस्कवर आणखी एक प्रत, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. आमची बहिणीकडे असते.

कॅसेटमधली गाणी आत घेणे

हा भाग मी रमतगमत सांगणार, कारण यात सगळ्यात जास्त चुका केल्या आणि सगळ्यात जास्त मजाही आली.

डेक किंवा टेपरेकॉर्डर चालू असला पाहिजे. पट्टा सैल झाला असेल तर गाणं संथ आणि खालच्या पट्टीत येतं. आधी तो बदलून घ्या, नंतर सॉफ्टवेअरने ओढाताण करण्यात अर्थ नाही. हेड आणि रबरी रोलर कानकाडीला आयसोप्रोपिल लावून पुसा, काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट लावल्या लावल्या रेकॉर्ड करू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे नेऊन टेप मोकळी होऊ द्या.

आवाज बोदा येत असेल, झांजांची धार गेली असेल, तर हेडशेजारचा छोटा स्क्रू बघा. हेड टेपला किंचित तिरकं बसलं की वरचे स्वर जातात. स्क्रूची आधीची जागा पेनने खूण करून ठेवा आणि गाणं चालू असताना अगदी केसभर फिरवत, धार परत येईल तिथे थांबा.

जोडणी: डेकच्या लाइन आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून, कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात. निळं म्हणजे लाइन इन. गुलाबी माइकचं, तिथे लावलं तर आवाज फाटतो. लॅपटॉपला निळं भोक नसतं, त्याला यूएसबी साउंड कार्ड लागतं. पण घेताना विचारा की त्यात स्टिरिओ लाइन इन आहे का. स्वस्त यूएसबी कार्डांना बहुधा माइकचंच मोनो भोक असतं. मी एकदा अख्खी भजनांची कॅसेट मोनो करून बसलो आणि ते तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ. आधी कॅसेटमधला सर्वात मोठा आवाज कुठे आहे तो वाजवून बघा (गजराचा शेवट सहसा) आणि मीटर तिथे उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल असं ठेवा. लाल दिव्याला टेकलं की तो आवाज कायमचा फाटला. मग अख्खी बाजू एका दमात रेकॉर्ड करायची. सी-९० असेल तर ४५ मिनिटं, तेवढ्यात भाजी निवडून होते.

पुढचा मोह म्हणजे टेपची सूं काढण्याचा. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन आधी निव्वळ सूंचा नमुना घेतं आणि मग तो सगळीकडून वजा करतं. आपल्या संगीतात घोटाळा असा की गाण्यात तंबोरा आधीपासून लागलेला असतो. नमुना घेताना त्यात तंबोरा आला तर सॉफ्टवेअर त्यालाच कचरा समजतं आणि त्याची जवारी पुसून टाकतं. म्हणून नमुना कॅसेटच्या अगदी सुरुवातीच्या, तंबोरा लागण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांतूनच घ्या, आणि रिडक्शन ६ डेसिबलच ठेवा. थोडी सूं राहू द्या. आईला तर ती सूं गेल्यावर "हे आपलं नाही" असं वाटलं होतं.

गाण्यांच्या सुरुवातीला कर्सर नेऊन कंट्रोल-बी दाबलं की लेबल लागतं; सगळी लेबलं लावून एक्सपोर्ट करताना 'मल्टिपल फाइल्स' निवडा, प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल होते. जपून ठेवायला फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल), गाडीत वाजवायला ३२० चा एमपी-थ्री. ४५ मिनिटांची बाजू मूळ रूपात पावणेपाचशे एमबी होते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी, एमपी-थ्रीमध्ये शंभराच्या आसपास. नावं देवनागरीत लिहाच, कॉम्प्युटर आणि फोनला ती नीट कळतात. फक्त जुन्या कार स्टिरिओला चौकोन दिसतात, म्हणून फाइलच्या नावाआधी 01, 02 असे इंग्रजी आकडे टाका, म्हणजे निदान क्रम चुकणार नाही.

गेम

कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की डेव्ह आणि प्रिन्स हे गेम उघडणारी पिढी असाल तर सुरुवात डॉसबॉक्सपासून करा, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचे गेम ते चालवतं. जुने डॉसचे काही गेम आजच्या प्रोसेसरवर वाऱ्यासारखे पळतात, कारण त्यांचं घड्याळ म्हणजे प्रोसेसरचा वेगच होता. डॉसबॉक्स तो वेग आवरतं. कंट्रोल-एफ११ ने संथ, कंट्रोल-एफ१२ ने जलद. विंडोज ९८-एक्सपीच्या काळातले गेम जीओजी या वेबसाइटवर मिळतात, आजच्या मशीनवर चालतील असे करून दिलेले.

नवीन गेमसाठी स्टीम, म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान. गेम विकत घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. म्हणजे "आपल्या डब्यावर चालेल का?" याचं उत्तर अंदाजाने नाही, प्रत्यक्ष लावून काढा. आधी रिझोल्यूशन ७२० वर आणा, सावल्या कमीत कमी करा आणि फ्रेमची मर्यादा ३० ठेवा. स्थिर ३० हे उड्या मारणाऱ्या ५० पेक्षा बरे. टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका, बटण दाबणं आणि उडी मारणं यातलं अंतर त्याने कमी होतं. मे महिन्यात भावंडं जमली की स्टीमवर एकाच स्क्रीनवर खेळायचे गेम वेगळे शोधता येतात, आणि दोन वायरवाले कंट्रोलर लागतात. वायरवालेच, कारण बिनवायरचे ऐन वेळी चार्ज नसतात.

कार्ड घ्यायच्या आधी आणखी एक युक्ती. घरात कोणाकडे चांगला गेमिंग लॅपटॉप असेल तर गेम तिथे चालवून स्टीमच्या रिमोट प्लेने तो टीव्हीखालच्या डब्यावर आणता येतो. डब्याला फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो, ते त्याला जमतं. अट एकच: निदान डबा तरी लॅनच्या वायरने राउटरला जोडा.

तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर आधी कॅबिनेटची उंची आणि पॉवर सप्लायचा स्टिकर बघा. ऑफिसच्या डब्यांना कार्डासाठीची वेगळी वायर नसते, त्यामुळे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागणारं कार्डच चालतं. पातळ कॅबिनेटला जीटीएक्स १६५० चं बुटकं, जादा वायर न मागणारं मॉडेल बसतं. आरएक्स ६४०० त्याहून कमी वीज खातं, पण ते मदरबोर्डशी बोलायला चारच लेन वापरतं आणि जुन्या मदरबोर्डवर मार खातं. जुनं कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. नाव बदलून विकलेलं बनावट कार्ड असेल तर पुष्कळदा तिथे सरळ 'फेक' असं दिसतं.

वेळेचं भांडण घरोघरी आहे. स्टीम फॅमिलीजमध्ये मुलाच्या खात्याला खेळायच्या तासांची मर्यादा घालता येते. घाला, म्हणजे वाईटपणा मशीनकडे जातो.

आईच्या हाती देताना

वीज जाते त्या गावी यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासचा असतो आणि पाच-दहा मिनिटंच टिकतो, म्हणून त्यावर टीव्ही लावू नका. फक्त डबा आणि राउटर.

पडद्यावर तीनच चिन्हं ठेवा, मोठी, नावं मराठीत: गाणी, सिनेमे, गेम. बाकी सगळं एका फोल्डरात लपवा. पासवर्ड न विचारता थेट सुरू होईल असं करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये समोरचं बटण दाबल्यावर मशीन नीट बंद होईल असं ठरवता येतं, तेही करा. आईला मी तेवढंच शिकवलंय: बटण एकदा दाबायचं, सोडायचं, आणि दिवा विझेपर्यंत स्विच बंद करायचा नाही.